पपईचं आजारी पान आणि बाकीचे ताप

आमच्या प्रयोगशाळेत नमुने टिकत नाहीत. पानं सुकतात, फळं सडतात, लाइट गेली की फ्रीजरमधलं सगळं पाघळतं. किस्से मात्र काही केल्या खराब होत नाहीत! मैत्रिणी भेटल्या की तब्येत-पाणी राहतं बाजूला, पहिला प्रश्न हाच, "हं, आता कोणी काय आणलं?" आणि मी सुरू होते. त्या हसतात. मी हसत नसते, मी वैतागलेली असते. पण त्यांना ते कळत नाही.

तर काम काय, की फळझाडांवर कोणता विषाणू आलाय ते ओळखायचं. बीडमध्ये आमच्या दोन खोल्या आहेत. एकीत मशीन, दुसरीत सर. सर म्हणजे आमचे प्रमुख. तिसरे साळवे. ते जीप चालवतात, शेतांतून नमुने आणतात आणि वाटेत ज्याला-त्याला माझा मोबाइल नंबर देतात. "मॅडम, लोकसेवा हाय," असं त्यांचं म्हणणं!

लोकांची समजूत अशी की रोगाचं नाव सांगणारी बाई औषधही देणार. विषाणूवर औषध नसतं. आजारी झाड लवकर ओळखायचं आणि उपटायचं, म्हणजे बाकीची वाचतात. हे एक वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की घरी झोपेतसुद्धा "उपटा, उपटा" म्हणते, असं नवरा सांगतो.

*

उमापूरची तारामती आली ती सीताफळं बाजारात यायला लागली होती त्या दिवसांत. सोबत नवरा विष्णू. तो दारातच चपला काढून उभा. तिनं पिशवीतून नवाकोरा खण काढला, टेबलावर उलगडला. आत पपईचं पान. हिरवंगार, थाळ्याएवढं, आणि चक्क धुतलेलं!

"ताई, याला काय झालंय?" मी विचारलं.

"याला? याला काय न्हाई झालं."

"मग आणलं कशाला?"

"हापिसात यायचं, तर चांगलं नगं का आनाया?"

मी डोळे मिटले. उघडले. "आणि खराब पानं?"

"हायत की, बांधाच्या कडंला. पिवळी, येडीवाकडी, पार सुतळीवानी झालीत. पन ती लोकाला कावून दावू?"

विष्णू दारातून म्हणाला, "मी म्हनलं व्हतं हिला. तर म्हनली, पोरगी बघाया पाव्हनं आल्यावर कुनी आजारी पोरगी म्होरं करतं का?"

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग ती बोलायला लागली. दरसाल दिवाळीच्या आगेमागे ही दोघं कोयता घेऊन मुकादमाच्या टोळीतून कारखान्याकडे ऊस तोडायला जातात. पोरगी सोबत, स्वयंपाकाला आणि धाकट्या भावाला सांभाळायला. यंदा पोरगी दहावीला आहे. म्हणून हिनं हट्टानं पपई लावली. बाग उभी राहिली तर घरी राहायचं, पोरगी परीक्षेला बसणार. बाग गेली तर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, जायचं, पोरगीही कोपीवर.

"मुकादम दोनदा यून गेला," ती म्हणाली. "त्याला म्हनलं, पपई काय म्हनती ते बघून सांगते."

म्हणजे तिच्या पोरीची दहावी आता माझ्या मशीनवर आली होती. मी म्हटलं, "ताई, सगळ्यात आजारी पान आणा. लाज वाटेल इतकं आजारी!"

*

असं कोणी आणतच नाही, ही खरी अडचण आहे. एकानं फोटो पाठवला. फोटोत तो स्वतः, काळा गॉगल, हात कमरेवर, मागे टरबुजाचं रान.

मी फोन केला. "दादा, यात पान कुठाय?"

"माझ्या मागं हाय ना मॅडम."

"मग तुम्ही बाजूला व्हा की!"

"बरं," म्हणाला. दुसरा फोटो आला. हा बाजूला झाला होता, पण त्याच्या जागी मेव्हणा उभा!

*

मांजरसुंब्याच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याला मी बजावलं होतं, पानासोबत ठिपकेवालं फळही पाठवा. फळावरची वर्तुळं बघायची होती. त्यानं बिचाऱ्यानं अगदी सांगितल्याप्रमाणे पपई कागदात गुंडाळली आणि मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर ठेवली, साळव्यांनी जाता-येता घ्यावी म्हणून. साळवे पोचले संध्याकाळी. पान होतं, पपई नव्हती.

साळव्यांनी तिथूनच फोन लावून ढाबेवाल्याच्या हातात दिला.

"अहो, ती तपासायची पपई होती!" मी ओरडलेच.

"मॅडम, आमाला काय म्हाईत? गल्ल्याजवळ ठिवलेली. वाटलं, कुनी भेट दिली."

"तिच्यावर रोग होता!"

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "मानसाला व्हतो का तो?"

नाही होत, असं मी सांगितलं. खरंतर सांगायला नको होतं, थोडं घाबरू द्यायला हवं होतं. कारण लगेच त्याचा आवाज मोठा झाला, "मंग ठीक हाय! तरी म्हनलं येवढी फिकी कावून. आमी मीठ-मिरची लावून संपवली!"

*

दिंद्रुडला एक खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे आप्पा म्हणतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडावर साखर, आणि काउंटरवर एक निळी बाटली. "व्हायरस मुळापासून साफ" असं तिच्यावर लिहिलेलं! त्या बाटलीपायी त्या भागातले शेतकरी आजारी वेल उपटायचेच नाहीत. फवारून वाट बघत बसायचे, आणि तोवर सगळं रान जायचं.

मी तावातावानं दुकानात गेले. "आप्पा, ही बाटली कशाला विकता? याचा काडीचा उपयोग नाही."

आप्पांनी आधी पाणी मागवलं, मग खुर्ची पुसली. "बसा की मॅडम. तुमी म्हनता इलाज न्हाई. बरोबरच आसंल. पन मानूस एवढ्या लांबून येतो, त्याला काय रिकाम्या हातानं वापस लावायचं?"

असल्या माणसाशी भांडणसुद्धा धड करता येत नाही. मी चहा पिऊन परत आले, तेही त्यांच्याच पैशांनी.

नंतर काही दिवसांनी आप्पा स्वतः प्रयोगशाळेत हजर! हातात टरबुजाचे शेंडे. ओल्या कागदात गुंडाळलेले, नीट, ताजे, हवे तेवढे आजारी. इतका सुंदर नमुना मला त्या वर्षात कोणी दिला नव्हता.

"कुणाच्या रानातला?"

"घरचाच हाय. लेकानं लावलंय."

मला संधीच मिळाली. "मग काय आप्पा, निळी बाटली मारली की नाही?"

आप्पांनी दोन्ही कानांना हात लावले. "छे, छे, मॅडम! घरच्या रानात आसलं कोन मारतंय!"

*

इकडे तारामतीनं दुसऱ्या खेपेला खरोखर लाज वाटेल असं पान आणलं. मी खूश झाले, पुडीवर नाव घातलं, फ्रीजरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाचणी लावायची होती.

सकाळी येऊन बघते तर सगळे नमुने टेबलावर, पंख्याखाली, काळे पडून मऊ झालेले. फ्रीजर उघडला. आत डबेच डबे. सीताफळाचा गर!

सरांच्या मुलीचा साखरपुडा होता. रबडी करायची होती. घरच्या फ्रीजमध्ये डबे मावले नाहीत, म्हणून ते रात्रीत आमच्याकडे मुक्कामाला आले होते.

मला रडू येईना आणि ओरडताही येईना. "सर, माझे नमुने!"

सरांनी चष्मा वर केला. अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, नमुने काय, परत मागवता येतील. सीताफळाचा हंगाम परत येतो का वर्षभर?"

मी तारामतीला फोन केला. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. मशीन बिघडलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आनते की. पन मॅडम, मुकादम आयतवारी येनार हाय." तो गर मी साखरपुड्यात खाल्ला. फार चांगला झाला होता, त्याचा आणखीनच राग आला.

*

तिसऱ्यांदा पान आलं. त्याच दिवशी चाचणी लावली.

या चाचणीत आजारी पानांबरोबर एक खात्रीचं निरोगी पानही लावतात, आमच्या जाळीघरात किडींपासून जपलेल्या रोपाचं. ताटलीच्या खाचेत पिवळा रंग आला की विषाणू आहे, रंग नाही आला तर नाही. निरोगी पानाच्या खाचेत रंग येता कामा नये. तिथंच आला, तर सगळी चाचणी पाण्यात.

माझ्या ताटलीत सगळीकडे पिवळं. तारामतीचं पान पिवळं, दुसऱ्यांची पिवळी, आणि निरोगी पान सगळ्यांत जास्त पिवळं!

वाटलं, माझ्या हातून कुठं तरी सरमिसळ झाली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. जेवण गेलं, डोकं दुखायला लागलं. शेवटी मी साळव्यांना बोलावलं.

"साळवे, हे निरोगी पान जाळीघरातल्या रोपाचंच आहे ना?"

साळवे खिडकीबाहेर बघायला लागले. "मॅडम, जाळीघराची किल्ली सापडंना व्हती."

"मग?"

"मग सरांच्या अंगनातनं तोडलं. सरच म्हनतेत ना हमेशा, पपई बघावी तर माझ्या दारची."

मी सरांच्या दाराशी जाऊन झाड पाहिलं. सर रोज त्या झाडापाशी उभे राहून दात घासतात. शेंड्याची पानं सुतळी, देठांवर तेलकट रेघा, फळांवर वर्तुळं. पुस्तकात छापावं असं आजारी झाड!

सरांना सांगायला गेले. ते हसले. "शक्यच नाही. मी त्याला रोज पाणी घालतो."

"सर, दोनदा लावलीय चाचणी."

मग सर गंभीर झाले. "हे बघा मॅडम, शेतकऱ्याला सांगायचं तर कडक सांगायचं. दिसलं झाड की उपट. गय करायची नाही. कळलं?"

"हो सर. आणि आपलं?"

"आपल्या झाडाला आता दोन फळं धरलीयत," सर म्हणाले. "ती उतरली की बघू!"

मी जाळीघराचं कुलूप तोडायला लावलं. खरंखुरं निरोगी पान आणि तारामतीकडून मागवलेली आतल्या झाडांची पानं घेऊन तिसऱ्यांदा चाचणी लावली. निकाल एकदाचा आला. तारामतीच्या बागेत रिंगस्पॉट, पपईचा सगळ्यात वाईट विषाणू. पण फक्त बांधालगतच्या थोड्या झाडांना. आतली झाडं साफ होती. वेळेत हललं तर बाग वाचणार होती.

*

मुकादम यायच्या रविवारच्या आत मी आणि साळवे उमापूरला पोचलो. तारामतीनं फोनवर ऐकलं त्याच दिवशी बांधालगतची झाडं उपटून टाकली होती. हिला एकदा सांगितलं की पुरे, असं वाटून मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग मी बांधापलीकडे पाहिलं.

पलीकडे तिच्या थोरल्या दिराची, भागवतची, गेल्या सालची पपई. एक झाड धड नव्हतं. तिथली माव्याची कीड उडून हिच्या झाडांवर बसणार आणि रोग आणणार. ती सगळी उपटल्याशिवाय हिची बाग वाचणं अवघडच.

बांधावरच्या कडुलिंबाखाली बाजेवर एक म्हातारी बसली होती. गयाबाई, भागवत आणि विष्णूची आई. ती धाकट्या विष्णूकडे राहते. दरसाल ऊसतोडीला ती या दोघांबरोबर जायची. यंदा गुडघ्यांनी जवाब दिलाय. तोंड मात्र शाबूत होतं.

मी वाकून नमस्कार केला. "लगीन झालंय का?" तिनं विचारलं. हो म्हटल्यावर, "मग कुकू येवढं बारीक कावून? सासू न्हाई वाटतं घरात!" साळव्यांना म्हणाली, "पोट आवर रं बाबा, जीपमधी कसा मावतुस?" भागवतची बायको सिंधू चहा घेऊन आली. म्हातारीनं एक घोट घेतला आणि कप उलटा केला. "ह्यो च्या हाय का कप इसळलेलं पानी? माझ्या थोरल्याच्या नशिबाला हेच!"

सिंधूनं दात खाल्लेले मला दिसले.

मी भागवतला समजवायला घेतलं. निकाल दाखवला. मावा कसा उडतो ते सांगितलं. साळव्यांनी हात जोडले. भागवत मान डोलावत होता आणि शेवटी म्हणायचा, "पन मॅडम, आजून फळ धरतंय की. फळतं झाड उपटलं तर पाप लागंल."

"पोरीच्या दहावीचा प्रश्न आहे हो!"

"ते बी खरं हाय. पन पाप लागंल."

भिंतीशी बोलावं तसं माझं चाललं होतं. घसा बसला. मला वाटलं, आता इथंच बांधावर बसावं आणि मोठ्यानं ओरडावं. विष्णू जमिनीकडे बघत होता. भावापुढे त्याचा शब्द निघेना.

मग तारामती पदर सारखा करून पुढं आली.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. भावजी म्हनतेत ते बरोबर हाय. फळतं झाड कावून उपटायचं?" तिचा आवाज अगदी मऊ. "आमी जातो कारखान्याला. मुकादमाला आयतवारी सांगते. पोरीला बी नेते संगं."

एवढं सगळं करून शेवटी हेच!

"फकस्त भावजी," ती सासूकडे बघून म्हणाली, "आत्याबाईला यंदा न्हेता यायचं न्हाई. गुडघं बघा त्यांचं. त्या सा म्हैनं तुमच्याकडं ऱ्हातील. त्यांची बाज उद्याच आनून टाकते तुमच्या पडवीत. सकाळचा च्या तेवढा सिंधूबाईनं करून द्यावा, म्हंजी झालं."

सिंधूनं कप गोळा केले, फार सावकाश. मग नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि घराकडे निघून गेली. भागवत तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे बघत राहिला. गयाबाई बाजेवर बसून लिंबाच्या काडीनं दात कोरत होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांनाच घेऊन गेले. म्हटलं, मोठ्या माणसाचं ऐकेल. सर वाटभर भाषणाची तयारी करत होते.

पोचलो, तर बांधापलीकडे नुसती काळी जमीन. एक झाड उभं नव्हतं! भागवत आणि सिंधू मातीत माखलेले, मोठा खड्डा करून पपईची झाडं पुरत होते. सिंधू नवऱ्यापेक्षा जोरात फावडं मारत होती.

सरांना गहिवरून आलं. त्यांनी भागवतचा मळका हात हातात घेतला. "पटलं ना विज्ञान?"

"पटलं," भागवत म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा माती ओढायला लागला.

अलीकडे तारामती झाडांना पाणी देत होती. पोरगी शाळेत गेली होती. मी काही विचारायच्या आत लिंबाखालून हाक आली. गयाबाईनं मला जवळ बोलावलं, बाजेवर शेजारी बसवलं. खड्ड्याकडे, थोरल्या लेकाच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली,

"मॅडम, आनखी कुनाची झाडं उपटायची आसतील, तर सांगा. मी ऱ्हायाला जाते!"